चेरमन पिसाळला

आमच्या गावात चेरमन दोन. एक विठ्ठलराव, दूध संस्थेचा, पांढऱ्या कपड्यातला. दुसरा माझा, तांबडा, एक कान मोडलेला. पहिल्याला मी मानत न्हाई आन् दुसऱ्याला सोडत न्हाई.

हसू नका. कुत्र्याचं नाव चेरमन म्याच ठिवलं आन् ठरवून ठिवलं. कावून ठिवलं ते आधी ऐका.

दुष्काळ लागोपाठचा व्हता. दुसऱ्या साली तर शेजारच्या लातूरला रेल्वेनं पानी आनावं लागलं, तोच दुष्काळ. आमचं गाव नांदूरघाटाच्या अंगाला. हिरी आटल्या, बोअर धूळ वकायला लागले. माझा मालक, पंडित, टोळीसंगं ऊसतोडीला गेलता, तो तिकडंच कामाला ऱ्हायला. मी मागं ऱ्हायले ती एका म्हशीपायी. गावाबाहेर चारा-छावनी लागली आन् ती चालवायला घेतली दूध संस्थेनं, म्हंजे विठ्ठलरावानंच. चारा त्याच्या हातात, पान्याचा टँकर त्याच्या हातात, डेअरीतलं दुधाचं माप बी त्याच्याच हातात.

संस्थेच्या मीटिंगात मी उभी ऱ्हाऊन इचारलं, "साहेब, चाऱ्याची गाडी आली की पहिल्या पेंढ्या तुमच्या मेव्हन्याच्याच दावनीला कावून पडत्यात?"

एवढंच इचारलं. सगळे बाप्ये माना खाली घालून पायाची नखं बघाय लागले. विठ्ठलराव हसला. "बघू, बघू," म्हनला.

त्याचं बघनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत कळलं. माझ्या दुधात त्यानं ती काचेची नळी सोडली, डोळे बारीक करून बघितलं आन् सगळ्या लायनीसमोर म्हनला, "मंजुळाबाई, डिग्री बसंना. पानी घातलंस तू." आन् किटली उचलून माझं दूध मातीत वतून दिलं.

पानी! आवो, ज्या सालात एका घागरीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरत व्हत्या, त्या सालात मी दुधात पानी घालीन? असतं तर पिले नसते का? तिथंच शिव्या घालाव्या वाटल्या, पन मी वाकून किटली उचलली. मागच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या. एक मानूस बोललं न्हाई. रिकामी किटली घिऊन मी घरी आले आन् चुलीपुढं बसून मनाशी म्हनलं, विठ्ठलराव, गावासमोर तुझी अशीच माती न्हाई केली तर मी मंजुळा न्हाई.

पन करनार काय? म्हस त्याच्या छावनीत बांधलेली. उघड भांडावं तर दावं सोडून हातात दिलं असतं.

मग ते तांबडं पिल्लू माझ्या मागं लागलं. छावनीतलंच, बेवारशी. भाकरीचा एक तुकडा टाकला तर पायातून हालंना. चार बायांदेखत मी हाक मारली, "चेरमन! ये हिकडं, चेरमन!" आलं की शेपूट हालवत. बायांना हसू आवरंना, एकीच्या डोक्यावरली पेंढीच पडली.

तवापासून माझं तोंड सुटलं. "चेरमन, लोकाच्या दावनीत तोंड घालू नगं, हाड्!" "चेरमन, किती खातूस रं, पोट फुटंल की!" विठ्ठलराव छावनीत आला की माझा आवाज आनखीच चढायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पन बोलनार काय? बोलला की त्यानंच कबूल केल्यासारखं झालं. एकदा न ऱ्हावून म्हनला, "मंजुळाबाई, कुत्र्याला हे काय नाव?"

"काय झालं साहेब? तुमचं नाव तर विठ्ठलराव हाय," म्या म्हनलं.

दात खात निघून गेला. त्या दिवशी मला दोन घास जास्तीचे गेले. खरं सांगते, मायेपोटी न्हाई पाळलं म्या कुत्रं. तो माझ्या हातातला धोंडा व्हता. रोज उठून त्या मान्साला मारायचा.

दुसऱ्या सालच्या उन्हाळ्यापत्तर पिल्लाचं चांगलं दांडगं कुत्रं झालं. संस्थेचं विलेक्शन तोंडावर आलं व्हतं. एका सकाळी छावनीत चाऱ्याची गाडी उतरत व्हती. चेरमन उगंच माझ्या पायात घुटमळाय लागला, लाळ गाळत, लुगड्यात तोंड खुपसत. मी ढकलून दिलं. मला काय म्हाईत! चार पावलं गेला आन् लाकडासारखा ताठ होऊन धाडदिशी आडवा पडला. डोळे फिरले, जबडा कचाकच वाजाय लागला, तोंडाला फेस, चारी पाय आडव्यानंच पळाय लागले. जागीच मुतला.

"आरं चेरमन! काय झालं रं!" मी वरडले.

विठ्ठलरावाचा एक मानूस हाय, मुंजाजी. छावनीवर त्याचाच हुकूम चालायचा. तो धावत आला. "फेफरं हाय, फेफरं! चप्पल हुंगवा!" आमच्याकडं मान्साला फेफरं आलं की नाकाला चप्पल लावत्यात. मुंजाजीनं पायातली चप्पल काढली आन् कुत्र्याच्या नाकाला लावली. कुत्र्याचं नाक आन् तोंड कुठं लांब असतंय? जबडा मिटला तो चपलीसकट मुंजाजीच्या बोटांवर.

"मेलो! पिसाळलं! चेरमन पिसाळला!"

झालं. ते वाक्य छावनीतनं सुटलं आन् कुत्रं उठायच्या आधी गावात पोचलं. चेरमन पिसाळला, तोंडाला फेस आला, मुंजाजीला कडकडून चावला. विठ्ठलरावाची बायको साखराबाई ऊर बडवत, अनवानी, छावनीत पळत आली, मागं अर्धा गाव. विठ्ठलराव गाडीपाशी धडधाकट उभा. ती बिचारी त्याचं तोंड चाचपून बघती, "आवं, तुमी चावलाव का कुनाला?"

छावनी अशी हसली की बांधलेली ढोरं बुजली. मी बी हसले. कुत्रं मातीत पडलेलं, आन् मी हसले! पन काय करू, वरीसभर ह्याच घासाची वाट बघितली व्हती.

विठ्ठलरावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. "काठ्या घ्या," म्हनला. "पिसाळलेलं कुत्रं छावनीत ठिवायचं न्हाई. हाना त्याला!"

तवर चेरमनचं हातपाय झाडनं थांबलं व्हतं. उठला, पन झिंगल्यावानी. डोळे उघडे आन् दिसंना काहीच. खांबाला धडकला, गव्हानीला धडकला. मग माझा वास लागला तसा येऊन पायाशी बसला आन् थरथर कापाय लागला. तिथं माझं हसू मेलं. मी त्याच्या अंगावर वाकले आन् वरडले, "हाना! आधी मला हाना!" बाईच्या अंगावर काठी कोन घालनार? थांबले.

हिकडं मुंजाजी धोतराच्या सोग्यात हात गुंडाळून बसलेला, रगत टिपकतंय. "साहेब, गाडी द्या, सुई घ्यायला जातो." विठ्ठलरावानं ऐकलंच न्हाई. पुन्हा म्हनला, "साहेब, आग व्हतीय हो." "थांब बे! आधी ह्या कुत्र्याचं बघू दे!" आन् बायकोला गाडीत घालून गेला निघून.

मुंजाजीवर माझं कवाच प्रेम नव्हतं. पन ते रगत बघवंना. दुधाचा टेम्पो नांदूरघाटाला निघाला व्हता. त्यात मी कुत्र्याला दावं बांधून घातलं आन् म्हनलं, "चढा भाऊ. तुमचा चेरमन न्हाई नेत, माझ्या चेरमनसंगं चला."

नांदूरघाटाचा ढोराचा डॉक्टर धारूरकडचा, तरना. त्यानं कुत्र्याला हात लावायच्या आधी मुंजाजीचा हात नळाखाली धरला, साबनानं किती तरी येळ धुतला आन् म्हनला, "तसेच सरकारी दवाखान्यात जा. कुत्रं पिसाळलेलं असो नाहीतर नसो, इंजेक्शनं सगळी घ्यायची. एकही चुकवायचं नाही."

मग मला इचारत बसला. पडायच्या आधी काय करत होतं? ताठ झालं का? पाय मारत होतं का? लघवी झाली का? उंदराचं औषध, फवारनीचं औषध तोंडात गेलं असेल का? किती वेळ चाललं?

"लई येळ," म्या म्हनलं. "जीव गेला माझा."

"बघणाऱ्याला एक मिनिटही तासाएवढं वाटतं. पुढच्या वेळी घड्याळ बघा."

"पिसाळलं न्हाई ना डॉक्टर? उठल्यावर पानी पिलं त्यानं."

"पाणी प्यायलं म्हणजे पिसाळलं नाही, असं नसतं," तो म्हनला. "मला ही मिरगी वाटते. मिरगीतलं कुत्रं झटका संपला की थोड्या वेळात पुन्हा पहिल्यासारखं होतं. पिसाळलेलं दिवसेंदिवस बिघडत जातं, आवाज बदलतो, गिळता येत नाही, आणि मरतं. पण माणसाला चावलंय, म्हणून दहा दिवस बांधून डोळ्यासमोर ठेवायचं. नीट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता हे नक्की. तोवर कुणी मारायचं नाही."

पुन्हा झटका आला तर काय, ते बी सांगितलं. जवळच्या वस्तू बाजूला करायच्या. धरायचं न्हाई, दाबायचं न्हाई. "आणि चप्पल, कांदा, चमचा, बोट, तोंडापाशी काही म्हणजे काही न्यायचं नाही. कुत्रं जीभ गिळत नाही. झटका पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्धीवर न येता एकामागं एक यायला लागले, तर वाट बघू नका, जे वाहन मिळेल त्यानं तसंच उचलून आणा. जमलं तर मोबाईलवर शूटिंग करा, मला बघायचंय. आणि उठताना त्याला दिसत नाही, ओळख पटत नाही, भ्यालेलं असतं. अंगावर जाऊ नका. लांबूनच, हळू आवाजात, त्याच्या नावानं बोलत राहा. नाव काय ह्याचं?"

"चेरमन."

डॉक्टरनं कागदावर तसंच लिवलं.

तर चेरमनला म्या माझ्या गोठ्यात बांधलं. पुढचे दिवस कसे काढले माझं मला म्हाईत. विठ्ठलरावाचे दिवस बी वाईटच गेले म्हना. केजच्या बाजारात कुनी तरी त्याला इचारलं म्हनं, "साहेब, फिट येत्यात असं ऐकलं? विलेक्शन हाय, जपा." मला ही गोष्ट सत्यभामानं सांगितली, शेजारची सून. मी तिला तीनदा सांगाय लावली.

पन त्याच आठवड्यात गोठ्याच्या तोंडाशी गुळाचा लाडू पडलेला दिसला. दुष्काळात गुळाचा लाडू, कुत्र्यासमोर! म्या काठीनं फोडला तर आत पांढरी भुकटी. माझं अंग अंग पेटलं. माझा राग खेळायचा व्हता, ह्याचा राग जीव घ्यायचा. लाडू म्या खड्ड्यात पुरला आन् बाज गोठ्यात आनून टाकली. त्या कुत्र्याच्या उशाला बसल्यावर मला उमगलं, की ह्या मुक्या जनावराला कुनी मारलं तर मी विठ्ठलरावाला जित्ता सोडनार न्हाई. धोंडा म्हनून उचललं व्हतं, आता हातातनं सुटंना.

बांधलेल्या दिवसांतच आनखी एक झटका आला. सत्यभामानं मोबाईलात धरला, डॉक्टरला दाखवला. डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या, सकाळ-संध्याकाळ. "लगेच गुण येणार नाही. पण एक वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, नाहीतर झटका दुप्पट येईल," म्हनला.

दहा दिवस सरले. चेरमन खात व्हता, भुंकत व्हता, माझं पायतान चावत व्हता. म्हंजे पिसाळलेला न्हाई. मी निवांत झाले, तवर विठ्ठलराव दारात. एकटाच.

"मंजुळाबाई, भांडायला आलो न्हाई," म्हनला. "कुत्रं तुझं. ठेव. फक्त नाव बदल. उद्या डेअरीपुढं, चार मान्सांत. न्हाईतर लोक भ्यालेत, कोन कवा काय खाऊ घालंल मी काय सांगू?"

लाडू कुनाचा व्हता ते त्यानंच सांगून टाकलं की न्हाई? माझ्या तोंडात आलेली शिवी म्या गिळली. कडू जहर. पन म्हशीमागं, सरपनामागं मी जानार, कुत्र्यापाशी रोज कोन बसनार? "बदलते," म्हनलं. "काय ठिवू?"

"काय बी. मोत्या ठेव."

दुसऱ्या सकाळी डेअरीपुढं मानूस मावंना. विठ्ठलराव इस्त्रीचे कपडे घालून, हात जोडत फिरत व्हता. मला तिथं जायचं म्हंजे पुन्हा किटली वतल्यासारखं वाटत व्हतं. चेरमनचं दावं धरून मी आले. मुंजाजी बोटं बांधून कडंला उभा, सत्यभामा माझ्या मागं.

विठ्ठलराव बोलाय लागला, "आपल्या संस्थेत सगळं सामोपचारानं..." आन् चेरमननं माझ्या लुगड्यात तोंड खुपसलं. लाळ गळाय लागली. मला कळलं. आता ढकललं न्हाई. "सत्यभामा, घड्याळ बघ," म्हनलं, दुधाच्या किटल्या पायानं बाजूला लोटल्या, गळ्यातलं दावं सोडलं.

पडला. ताठ झाला, पाय झाडाय लागला. बाया किंचाळल्या. "पिसाळलं, पिसाळलं!" काठ्या आल्याच. तवा मुंजाजी आडवा झाला. "मागं सरा! तोंडापाशी कुनी जाऊ नका. माझी बोटं बघा! पिसाळलं असतं तर इतके दिवस जगलं असतं का?"

दोन मिनिटांच्या आत थांबलं. सत्यभामानं तसं मोठ्यानं सांगितलं. पन चेरमन उठला तो आंधळाच. भ्याला, दात काढले आन् गुरगुरत सरळ लोकांच्या पायाकडं निघाला. माझ्यापासून लांब. लोक पांगले. एकानं काठी उचलली. "हाना!" विठ्ठलराव वरडला.

"मोत्या!" मी हाक मारली. शब्द दिला व्हता ना. "मोत्या, मोत्या, ये!" त्याच्या कानाची पाळी हालली न्हाई. काठी वर गेली.

"चेरमन," म्या म्हनलं.

हळू म्हनलं. आजवर त्या नावानं मी वरडले, टोमने मारले, हाडहुड केलं. मायेनं ते नाव तोंडातनं कवा निघालंच नव्हतं. "चेरमन. माझ्या राजा. मी हाय हितं, भिऊ नगं. ये, चेरमन, ये माझ्या बाळा." माझ्या डोळ्यांतलं पानी गालावर आलं, मी पुसलं न्हाई. कुत्रं थांबलं. मोडका कान हालला. वास घेत घेत, धडपडत आलं आन् माझ्या मांडीत डोकं घालून पडलं. काठीवाला काठी खाली टेकून बघत ऱ्हायला.

विठ्ठलराव पुढं आला. "नाव घेतलंस, मंजुळाबाई. आपलं काय ठरलं व्हतं?"

मग मात्र मी उठून उभी ऱ्हायले. वरीसभराचं सगळं वर आलं.

"साहेब, नाव बदलायचंच असंल तर तुमी बदला. डोळ्याला दिसत न्हाई, शुद्ध न्हाई, तरी चेरमन म्हनलं की ह्यो येतोय. तुमाला चेरमन, चेरमन म्हनून ह्या गावानं टँकरपाशी हाका मारल्या, चाऱ्यासाठी मारल्या. ह्यो मुंजाजी रगत गाळत तुमाला हाका मारत व्हता. तुमी कवा ओ दिलाव? ह्या नावाला ओ देतोय तो ह्यो. मग नाव कुनाचं?"

कुनी हसलं न्हाई, तेच मला लई गोड लागलं. हसले असते तर तो बी हसून मोकळा झाला असता. मागनं कोन तरी म्हनलं, "साहेब, मग तुमी फुडं 'माजी' लावा."

"कोन बोललं?" विठ्ठलराव फिरला. "कोन बोललं रं ते?"

एकानं तोंड उघडलं न्हाई. माझं दूध मातीत वतलं तवा बी हीच मान्सं अशीच गप व्हती. आज गप बसली ती माझ्या बाजूनं. काळजात असं गार वाटलं, खोटं कशाला सांगू, बदल्याची चव काय असती ते मला तवा कळलं.

विठ्ठलराव तरातरा गाडीकडं गेला. दार उघडून त्यानं हाक मारली, "मुंजाजी! चल!"

मुंजाजी माझ्या कुत्र्यासाठी वाटीत पानी आनायला गेलता.